गुन्ह्यांची मोजदाद

सन २०२० हें वर्ष भारतांतील शहरांनीं बव्हंशीं दारें लावून घालविलें. मार्चअखेर टाळेबंदी पुकारण्यांत आली. बाजार, शाळा, कचेऱ्या, आगगाड्या सारें एकाएकीं थांबलें. घरांत चोवीस तास माणसें असल्यावर घरफोडी कोणीं करावी, आणि रस्त्यांत गर्दीच नसेल तर खिसा कोणाचा कापावा? त्या वर्षीं चोऱ्या कमी झाल्या ह्यांत नवल नाहीं. परंतु राष्ट्रीय अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हां त्याच्या पहिल्याच पानांवर निराळें वर्तमान होतें. देशांतील नोंदलेले गुन्हे एका वर्षांत शेंकडा २८ नीं वाढले होते.

ह्या कोड्याचा उलगडा आंतल्या कोष्टकांत होता. सरकारी अंमलदारानें रीतसर काढलेला हुकूम मोडणें हा त्या वेळच्या भारतीय दंडसंहितेच्या १८८ व्या कलमाखालीं गुन्हा होता. २०१९ सालीं ह्या कलमाखालीं २९,४६९ प्रकरणें नोंदलीं गेलीं होतीं. २०२० सालीं तींच ६,१२,१७९ झालीं. टाळेबंदी मोडून बाहेर पडलेला तरुण, फळी अर्धी उघडी ठेवून माल विकणारा दुकानदार, परवान्यावांचून गांवाकडे निघालेला मजूर हे सर्व त्या बेरजेंत आले. ज्यानें केवळ एकूण आंकडा वाचला त्याला देश दरोडेखोरांनीं भरून गेल्यासारखा वाटला असेल. ज्यानें कोष्टक पाहिलें त्याला दिसलें कीं, वाढ झाली ती हुकुमांची आणि ते मोडल्याच्या नोंदींची.

हा आंकडा तयार कसा होतो तें ठाऊक असल्यावांचून त्याचा अर्थ लावतां येत नाहीं. त्याचा उगम पोलिसठाण्यांतील एका टेबलावर होतो. फिर्यादी येतो, ठाणे-अंमलदार त्याची हकीकत लिहून घेतो, आणि ती दखलपात्र गुन्ह्याची असेल तर पहिली खबर म्हणून तिला क्रमांक पडतो. जें क्रमांकापर्यंत पोंचलें तें मोजलें गेलें. जें ठाण्याच्या पायरीवरून परत फिरलें, किंवा घराच्या उंबऱ्याबाहेरच पडलें नाहीं, तें मोजदादीच्या दृष्टीनें घडलेंच नाहीं. ठाण्यांतून जिल्ह्यास, जिल्ह्यांतून राज्याच्या नोंद-कार्यालयास आणि तेथून दिल्लीस असा ह्या क्रमांकांचा प्रवास होतो. 'क्राइम इन इंडिया' ह्या नांवाचा वार्षिक अहवाल १९५३ सालापासूनचा आहे. १९८६ सालीं राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग स्थापन झाला, आणि पुढें तें काम त्याच्याकडे आलें. वर्तमानपत्रांत ज्याचा उल्लेख एन्. सी. आर्. बी. ह्या आद्याक्षरांनीं होतो तोच हा विभाग.

विभागाचा एक नियम फार थोड्या वाचकांस माहीत असतो. एकाच खबरींत अनेक गुन्हे असले तर त्यांपैकीं सर्वांत भारी शिक्षेचा जो असेल तेवढाच कोष्टकांत धरला जातो. घरफोडी करतांना घरधन्याचा खून झाला, तर वर्षाच्या हिशेबांत खून एक एवढेंच येतें. घरफोडी त्या ओळीखालीं गडप होते. हा नियम चुकीचा आहे असें नव्हे, कारण एकच घटना चार वेळां मोजणें हेंही खोटेंच झालें असतें. परंतु नियम ठाऊक नसतां ओळ वाचणें म्हणजे तराजूचा पासंग न पाहतां वजन सांगणें होय.

राज्याराज्यांची तुलना करतांना तर हा पासंग फारच जड पडतो. २०२२ सालीं देशांत एकूण ५८,२४,९४६ दखलपात्र गुन्हे नोंदले गेले. दर लाख लोकवस्तीस हें प्रमाण ४२२.२ पडतें. केरळासारखें साक्षर राज्य ह्या प्रमाणांत सरासरीच्या पुष्कळ वर असतें, आणि कांहीं राज्यें, जेथें रात्रीं एकट्यानें प्रवास करण्यास लोक कचरतात, तीं खालीं असतात. केरळांतील मनुष्य अधिक दुष्ट आहे असें कोणी म्हणणार नाहीं. तेथें फिर्याद देणाऱ्यास लिहितां येतें, ठाणें जवळ असतें, आणि फिर्याद घेतली न गेल्यास वर दाद मागण्याची त्याला संवय असते. ज्या प्रांतांत नोंदवही पातळ आहे तेथें गुन्हे कमी आहेत कीं लेखणी कमी आहे, हा प्रश्न प्रत्येक वेळीं विचारावा लागतो.

त्यांतल्या त्यांत विश्वास ठेवण्याजोगा आंकडा खुनांचा. प्रेत सहसा लपत नाहीं, आणि मेलेल्या माणसाची चौकशी कोणी ना कोणी करतोच. २०२२ सालीं देशांत २८,५२२ खुनांची नोंद झाली, म्हणजे दिवसास सरासरी ७८. ह्यांची कारणें पाहिलीं म्हणजे शहरांतील सुशिक्षित घरांत ज्या भीतीनें दारास दुहेरी कड्या लावतात ती भीति कितपत साधार आहे हें कळतें. ९,९६२ खुनांचें कारण वादविवाद म्हणून नोंदलें गेलें आहे. ३,७६१ खून वैयक्तिक वैरांतून झाले. आणि लाभासाठीं, म्हणजे पैशाच्या किंवा मालमत्तेच्या लोभानें, झालेले खून १,८८४. अपरिचित चोरापेक्षां बांधावरचा शेजारी, भाऊबंद आणि मद्याच्या बैठकींतील सोबती हे पुष्कळ अधिक धोक्याचे ठरतात. खून टाळावयाचे तर तलाठ्याच्या दप्तरांतील सरहद्दीच्या खुणा नीट ठेवणें हा पोलिसांच्या गस्तीइतकाच महत्त्वाचा उपाय आहे. हें विधान चमत्कारिक वाटेल. परंतु कोष्टकाचा रोख तिकडेच आहे.

जो गुन्हा घराच्या भिंतींआड होतो त्याची गोष्ट अगदीं उलट आहे. नवऱ्यानें किंवा त्याच्या नातलगांनीं स्त्रीचा छळ केल्याच्या सुमारें १ लक्ष ४० हजार फिर्यादी २०२२ सालीं देशभर नोंदल्या गेल्या. संख्या लहान नाहीं. तथापि तिच्या शेजारीं दुसरी एक संख्या ठेवून पाहावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या बायका घरोघर जातात आणि घरांतील स्त्रीला एकांतांत प्रश्न विचारतात. २०१९ ते २०२१ ह्या काळांतील पाहणींत १८ ते ४९ वर्षांच्या विवाहित वा पूर्वीं विवाह झालेल्या स्त्रियांपैकीं शेंकडा २९ जणींनीं नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसल्याचें सांगितलें. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकीं कोणाचीही, माहेरचीसुद्धां, मदत मागणाऱ्या शेंकडा १४. ठाण्याची पायरी चढणाऱ्या त्या चौदांतल्याही थोड्या. पोलिसांची वही आणि ही पाहणी ह्या एकाच देशाच्या, एकाच काळाच्या नोंदी आहेत, आणि त्यांच्यामधील अंतर कोट्यवधि घरांचें आहे.

म्हणूनच नोंदींची वाढ ही दर वेळीं वाईट वार्ता नसते. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अमानुष घटनेनंतर देशभर क्षोभ उसळला. पुढील वर्षीं कायदा बदलला, आणि अशा गुन्ह्याची खबर लिहून घेण्याचें नाकारणाऱ्या पोलिसालाच शिक्षा ठरविण्यांत आली. बलात्काराच्या नोंदी २०१२ सालीं २४,९२३ होत्या, त्या २०१३ सालीं ३३,७०७ झाल्या. एका वर्षांत पुरुषजात एवढी बिघडली असें मानण्यास आधार नाहीं. ज्या पूर्वीं गप्प बसविल्या जात त्यांपैकीं कांहींजणींस बोलण्याचें बळ आलें, असेंच मानणें सयुक्तिक होय. अशा वर्षीं आंकडा चढला म्हणून मंत्र्याचा राजीनामा मागणें आणि आंकडा उतरला म्हणून अधिकाऱ्यास शाबासकी देणें ह्या दोन्ही गोष्टी घातक आहेत. आंकडा उतरविण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे फिर्यादीस परत पाठविणें, हें ठाण्यांतील कोणासही शिकवावें लागत नाहीं.

येथपर्यंत प्रश्न झाला तो किती गुन्हे घडतात हा. ते कोण करतो, ह्या प्रश्नाचें एक उत्तर ह्या देशांत ऐंशी वर्षें कायद्याच्या पुस्तकांत छापलेलें होतें, आणि त्याचा इतिहास महाराष्ट्रास विशेष जवळचा आहे.

१८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अमुक जातींत जन्मलेला तो गुन्हेगार, असें ह्या कायद्याचें गृहीत होतें. सरकारनें एखादी जमात जाहीर केली कीं तिच्यांतील माणसांचीं नांवें पटावर चढत. त्यांनीं नेमल्या वेळीं हजेरी द्यावयाची, आणि परवान्यावांचून गांवाची सीमा ओलांडावयाची नाहीं. प्रथम हा कायदा उत्तरेकडे लागू झाला, आणि १९११ सालच्या नव्या कायद्यानें सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास. मधल्या काळांत, १८९७ सालीं, कलकत्त्यास बोटांच्या ठशांचें कार्यालय निघालें होतें. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्या दोघां हिंदी अंमलदारांनीं तेथें ठशांच्या वर्गवारीची जी पद्धति बसविण्यास मदत केली ती पुढें जगभर गेली. प्रत्येक माणसाचा ठसा निराळा असतो, म्हणून अपराधाचा आरोप ज्याचा त्याच्यावरच यावा, हा त्या शोधाचा सरळ अर्थ. परंतु १९११ च्या कायद्यानें तेच ठसे पटावरील साऱ्या माणसांचे, कोणताही अपराध सिद्ध झालेला नसतां, घेण्याची मुभा दिली.

मुंबई इलाख्यांत ह्या जमातींसाठीं वसाहती उभारण्यांत आल्या; त्यांतील सोलापूरची सर्वपरिचित आहे. तारेच्या कुंपणाच्या आंत बिऱ्हाडें, दिवसा कापडाच्या गिरणींत काम, आणि ठरल्या वेळीं हजेरी, असा तेथील क्रम होता. कुंपण गेलें, तरी त्या भागास सोलापुरांत अद्याप सेटलमेंट ह्याच नांवानें ओळखतात. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' ह्या आत्मकथेस १९८८ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हां ह्या पटावरील माणसांच्या घरांत काय चालतें हें मराठी मध्यमवर्गास बहुधा प्रथमच आंतून दिसलें.

ह्या कायद्यांतील अन्याय सर्वांस दिसतो; त्यांतील शास्त्रीय चूक मात्र तितकी चटकन् दिसत नाहीं. आसपास चोरी झाली कीं पोलिस प्रथम पटावरील वस्तींत जात. जेथें शोध तेथें अटक, जेथें अटक तेथें नोंद. आणि वर्षअखेर नोंदी मोजल्या कीं त्याच जमातींचे गुन्हे अधिक दिसत. तें पाहून पट अधिक कडक होई. अशा रीतीनें आंकड्यानें आंकड्याची साक्ष काढली, आणि त्या साक्षीवर पिढ्यान् पिढ्या तुरुंगांत गेल्या. परवान्यावांचून गांव सोडणें हाच मुळीं गुन्हा ठरविल्यावर, पोट भरण्यास परगांवीं गेलेला माणूसही त्याच पुराव्यांत भर घाली. मुंबई प्रांतानें हा कायदा १९४९ सालीं रद्द केला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो सर्व देशांतून गेला. विमुक्त जमाती तो दिवस आजही पाळतात. पटाची संवय मात्र कायद्याबरोबर गेली नाहीं. सराईत गुन्हेगारांविषयींचे राज्याराज्यांचे कायदे त्या जागीं आले, आणि तुरुंगाच्या नियमपुस्तकांत जातीवरून कामें वांटून देणारीं कलमें राहिलीं. तीं सर्वोच्च न्यायालयानें घटनाबाह्य ठरविलीं तीं ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं. आतां जुन्या नोंदी संगणकास पढवून पुढचा गुन्हा कोठें होईल हें त्यालाच विचारावें असा विचार अनेक देशांत चालू आहे. यंत्र उत्तर झटपट देईल. पण ज्या वह्यांवर तें पोसलें त्या वह्या कोणाच्या वस्तींत लिहिल्या गेल्या, हें त्याला माहीत नसणार.

ह्याच्या उलट, गुन्हा कोण करतो हा प्रश्न बाजूस ठेवून तो कोठें, केव्हां आणि कशामुळें सोपा होतो एवढेंच पाहणारें संशोधन गेल्या पन्नास-साठ वर्षांत वाढलें. त्याचे निष्कर्ष पुष्कळदां सामान्य समजुतीस धक्का देणारे आहेत. अमेरिकेंतील कॅन्सास शहरांत १९७२ ते १९७३ ह्या काळांत गस्तीच्या पंधरा टापूंवर एक प्रयोग झाला. पांच टापूंत मोटारगस्त नेहमींसारखी ठेवली, पांचांत ती दुपटीतिपटीनें वाढविली, आणि उरलेल्या पांचांत बोलावणें आल्यावांचून पोलिसांनीं फिरकावयाचें नाहीं असें ठरविलें. वर्षभरानें तिन्हींतील गुन्ह्यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं, आणि नवलाची गोष्ट ही कीं, रहिवाशांच्या भीतींतही फरक नव्हता. सगळीकडे सारखी फिरणारी गस्त म्हणजे शेतभर शिंपडलेलें तांब्याभर पाणी. पुढें १९८९ सालीं मिनिआपोलिस शहराच्या अभ्यासांत ह्याचें कारण उमगलें: पोलिसांस आलेल्या एकूण हांकांपैकीं सुमारें निम्म्या हांका शहरांतील शेंकडा तीन पत्त्यांवरून आल्या होत्या. ज्यास बदनाम वस्ती म्हणून सगळे टाळतात तींतही बहुतेक गल्ल्या शांतच असतात. उपद्रव असतो तो एखाद्या नाक्याचा, एखाद्या गुत्त्याचा.

पश्चिम जर्मनींतील शिरस्त्राणाची कथा तर सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मोटारसायकल चालवितांना डोक्यावर शिरस्त्राण असावें असा तेथें नियम होता, आणि १९८० सालीं तें नसल्यास जागच्या जागीं दंड घेण्यास आरंभ झाला. हेतु एवढाच कीं, अपघातांत डोकीं फुटूं नयेत. परंतु त्या वर्षीं जेथें सुमारें दीड लाख मोटारसायकली चोरीस गेल्या होत्या, तेथें १९८६ सालीं सुमारें चोपन्न हजार गेल्या. कारण उघड आहे. पुष्कळ चोऱ्या आधीं ठरवून झालेल्या नव्हत्या. गाडी दिसली, मोह झाला आणि पोरगा तीवर बसून निघाला, असा तो प्रकार. आतां बोडक्या डोक्यानें निघालेला पोरगा पहिल्याच चौकांत अडविला जाई. चोरी करावयास निघतांना शिरस्त्राण बरोबर नेण्याइतकी पूर्वतयारी बहुतेकांजवळ नव्हती.

चोर एका दारांतून हांकलला कीं दुसऱ्या दारीं जातो, हा ह्यावरील नेहमींचा आक्षेप. त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. त्याच पश्चिम जर्मनींत १९६३ सालीं जुन्यानव्या सर्व मोटारींस सुकाणूचें कुलूप सक्तीचें केलें, तेव्हां मोटारींच्या चोऱ्या उतरल्या आणि उतरलेल्याच राहिल्या. इंग्लंडांत १९७१ पासून तें केवळ नव्या मोटारींना बसविलें. चोर जुन्या मोटारींकडे वळले. अर्धवट उपायानें गुन्हा जागा बदलतो. शिरस्त्राणाच्या बाबतींत मात्र मोटारसायकली सोडून लोक त्या प्रमाणांत मोटारी किंवा सायकली चोरूं लागले असें आढळलें नाहीं.

घरफोडीसंबंधीं गृहस्थाश्रमी वाचकांस उपयोगीं पडेल असा अनुभव इंग्लंडांतील रॉचडेल गांवच्या कर्कहोल्ट वसाहतींतील आहे. १९८० नंतरच्या दशकांत तेथें घरफोड्या अतोनात होत. अभ्यासकांनीं नोंदी चाळल्या तेव्हां दिसलें कीं, ज्या घरांत एकदां चोर शिरला त्याच घरांत तो लवकरच पुन्हा शिरण्याचा संभव इतर घरांपेक्षां कितीतरी अधिक. चोराला खिडकी ठाऊक झालेली असते, आणि गेलेल्या वस्तूंच्या जागीं नव्या वस्तु आलेल्या असतात. शिवाय त्या घरांत गॅस-विजेसाठीं नाणीं टाकावयाचे मीटर होते, म्हणजे प्रत्येक घरांत रोकडीची एक पेटीच. मग मीटर बदलले, ज्या घरीं चोरी झाली तेथेंच प्रथम कड्याकुलपें बसविलीं, आणि त्या घराभोंवतालच्या शेजाऱ्यांस लक्ष ठेवण्यास सांगितलें. पहिल्या वर्षांतच घरफोड्या निम्म्याहून खालीं आल्या. आपल्याकडे चोरी झाल्यावर पंचनामा होतो, हळहळ होते आणि तुटलेली कडी तशीच राहते. वस्तुतः त्या घराला धोका सर्वांत अधिक असतो तो त्याच पुढच्या कांहीं आठवड्यांत.

ह्या धर्तीचें संशोधन भारतांत अगदींच नाहीं असें नाहीं. पोलिस संशोधन आणि विकास विभाग १९७० सालापासून काम करीत आहे, आणि ठाण्याठाण्यांतील नोंदी संगणकानें जोडण्याची योजना २००९ सालीं मंजूर झाली. तथापि लोकांसमोर येणारा राष्ट्रीय अहवाल राज्य, जिल्हा आणि मोठें शहर ह्यांच्या खालीं सहसा उतरत नाहीं, आणि येतो तोही उशिरां. २०१७ सालचा अहवाल ऑक्टोबर २०१९ मध्यें आला. २०२२ सालचा डिसेंबर २०२३ मध्यें. कोणत्या नाक्यावर, किती वाजतां, कोणत्या कुलपाअभावीं, हें ठाण्याच्या डायरींतच राहतें. एवढी मेहनत करून गोळा केलेल्या माहितीचा उपयोग विधिमंडळांतील आरोप-प्रत्यारोपांपुरता व्हावा, ही खेदाची गोष्ट आहे.

कुलपाचा एक मोठा प्रयोग मात्र येथें झाला, तो रिझर्व्ह बँकेचा. दूरस्थ खरेदींत केवळ कार्डावरचे आंकडे पुरत नाहींत, त्याखेरीज खातेदाराची दुसरी खूण पटली पाहिजे, असा नियम तिनें २००९ सालीं लागू केला. हेंच बँकेच्या तिजोरीचें सुकाणू-कुलूप. चोरांनीं त्यावर तोड काढली ती कुलूप न फोडतां खातेदाराकडूनच किल्ली मागून घेण्याची. टेलिफोनवर येणारा सांकेतिक अंक तोच आतां गोड बोलून किंवा दरडावून विचारला जातो. २०२२ सालीं देशांत ६५,८९३ सायबर गुन्हे नोंदले गेले, आणि त्यांपैकीं शेंकडा ६४.८ फसवणुकीचे होते. पोलिस किंवा न्यायाधीश म्हणून चित्रफोनवर येऊन, आपणांस घरांतच अटक झाली आहे असें वृद्धांस सांगणाऱ्यांचा सध्यां सुळसुळाट आहे. अशी अटक कोणत्याही कायद्यांत नाहीं.

पैसे गेल्यावर १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळविल्यास, ती रक्कम ज्या खात्यांतून पुढें सरकत असते त्या बँकांस ती रोखून धरण्याची सूचना जाते; एक तास गेला तर रक्कम चारपांच खात्यांपलीकडे पोंचलेली असते. मात्र ह्या क्रमांकावरील तक्रार ही पहिली खबर नव्हे, आणि राष्ट्रीय अहवालांत मोजली जाते ती खबर. तक्रारींची संख्या खबरींच्या अनेक पट असते ती ह्यामुळेंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें खबर कोणत्याही ठाण्यावर देतां येते, हद्दीचें कारण सांगून ती नाकारतां येत नाहीं. ती विद्युत्-संदेशानेंही पाठवितां येते, मात्र तीन दिवसांच्या आंत ठाण्यावर जाऊन तिच्याखालीं सही करावी लागते. खबरीची एक प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. तिच्यावर क्रमांक असतो.